'तारे जमीन पर'मधील धाकटेपण : एक चिकित्सा

आमिर खान दिग्दर्शित व अमोल गुप्ते लिखित 'तारे जमीन पर' (२००७) हा वाचन-अक्षमतेवरील चित्रपट म्हणून ओळखला जातो. त्यातील ईशानचे धाकटेपणही तितकेच विचारार्ह आहे. थोरला योहान अभ्यासात व टेनिसमध्ये अग्रेसर. त्याच्याच मापाने ईशान आळशी ठरतो. आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी जन्मक्रमाचा संबंध व्यक्तिमत्त्वाशी जोडला. वाचन-अक्षमता किंवा अवधानदोष यांचे मूळ मात्र मेंदूच्या विकासात असते. म्हणजेच येथे जन्मक्रम हे दोषाचे कारण नसून तुलनेचे निमित्त आहे. चित्रपट हा भेद सूचित करतो. परंतु त्यातील निकुंभ सर भेटतात ते निवासी शाळेत. भायखळ्याच्या चाळीत एकाच खोलीत अभ्यास करणाऱ्या भावंडांना ती वाट सहसा परवडणारी नसते. तेथे थोरल्याचे माप बाजूला ठेवून धाकट्याकडे पाहण्याची जबाबदारी वर्गशिक्षकावरच येते.