एक-तृतीयांश, पण कशाचा?

जयंत पवारांचं 'अधांतर' मी आधी वाचलं. मग त्यावर बेतलेला महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' फोनवर पाहिला. नाटक १९९७चं, सिनेमा २०१०चा. मधल्या काळात गिरणगावाच्या जमिनीचा नियमच बदलला. हे कळल्यावर मला दोन्ही कलाकृती वेगळ्या दिसायला लागल्या.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ सांगत होता, की गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक-तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. मालक फारसे पुढे आले नाहीत. २००१मध्ये सरकारनं दुरुस्ती केली. आता वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. शेडखालची जमीन हिशेबातून बाहेर. अपूर्णांक तोच राहिला, पण तो कशाचा काढायचा ते बदललं. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हाच अर्थ मान्य केला.

'अधांतर'मध्ये यातलं काहीच नाही. आहे ती चाळीतली एक खोली, एक आई आणि तिची मोठी झालेली मुलं. एक लिहिणारा, एक क्रिकेटमध्ये अडकलेला, एक गँगच्या वाटेवर गेलेला. आपण याला संपानंतरचं नाटक म्हणतो. मला ते दोन नियमांच्या मधलं नाटक वाटतं. गिरणी गेली आहे, तिच्या जागी काय येणार ते ठरलेलं नाही. ज्याला दोष द्यावा असं समोर कुणी नाही, म्हणून ही माणसं एकमेकांनाच ओरबाडतात. नाटकाची सगळी ताकद यात आहे.

सिनेमा दोषाला चेहरा देतो. मालक दिसतो, त्याचे डाव दिसतात. चेहरा सापडला की आपल्याला राग काढता येतो आणि सुटल्यासारखं वाटतं. माझी तक्रार इथे आहे. मालक लोभी असतील, पण तो लोभ कायदेशीर झाला तो नियमातल्या एका व्याख्येमुळे. तिथे ना गोळीबार आहे, ना संवाद. कॅमेऱ्यात ते पकडणं अवघड, हे मान्य. पण सिनेमानं तसा प्रयत्नही केला नाही.

आपण मराठी वाचक गिरणगावाबद्दल हळहळतो खूप, पण नियम वाचत नाही. म्हाडाच्या वाट्याची जमीन आटली, म्हणजे कामगारांच्या घरांची जागाच आटली. २०१२मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली लॉटरी निघाली. संपाला तेव्हा तीस वर्षं झाली होती. पुढे घरं पनवेलजवळच्या कोनपर्यंत गेली.

'अधांतर'मधली आई त्या लॉटरीचा अर्ज भरते आहे, असं मी कधी कधी कल्पून पाहते. ते नाटक अजून कुणीतरी लिहायला हवं. त्यात खलनायक नसला तरी चालेल, पण नियम ५८ हवा.