जोडणी झाली, मापनाचं काय?

पीएचडीला आलात की पहिल्या काही महिन्यांत एक काम बहुतेक तुमच्याकडे येणारच: मल्टिमीटर, तापमान-नियंत्रक, ऑसिलोस्कोप ही उपकरणं लॅनच्या केबलने संगणकाला जोडायची आणि पायथॉनमधून आकडे घ्यायचे. पायव्हिसा टाकायचं, उपकरणाचा आयपी पत्ता द्यायचा, 'तू कोण?' ही स्टार-आयडीएनची आज्ञा पाठवायची. कंपनीचं नाव, मॉडेल, अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती असं उत्तर आलं की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

या वाटण्याबद्दलच आज लिहितोय. ज्या मानकांमुळे ही जोडणी इतकी सोपी झाली, ती मला चांगली वाटतात. पण ती काय देतात आणि काय देत नाहीत, हे समजून न घेता वापरली तर आलेख सुंदर येतो आणि निष्कर्ष चुकतो.

आधी श्रेय

1960 च्या दशकाच्या शेवटी एचपी कंपनीने आपल्या उपकरणांसाठी एक बस तयार केली. 1975 मध्ये ती आयट्रिपलई-488 हे मानक झाली. आपण तिला जीपीआयबी म्हणतो. 24 पिनांचा तो जाडजूड कनेक्टर जुन्या लॅबमध्ये अजून दिसतो. तिच्या मर्यादा स्पष्ट होत्या: एका बसवर संगणक धरून 15 उपकरणं, केबलची एकूण लांबी 20 मीटर.

1990 मध्ये स्कपी (एससीपीआय) आलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकाच व्याकरणात आज्ञा देता याव्यात, हा त्याचा हेतू. मग 1995 च्या व्हीएक्सआय-11 ने तोच संवाद नेटवर्कवर आणला, 2005 मध्ये एलएक्सआय मानकाची पहिली आवृत्ती आली आणि 2010 मध्ये जास्त वेगवान हायस्लिप.

एलएक्सआयचे फायदे खरे आहेत. साधी इथरनेट केबल चालते, अंतराची अडचण उरत नाही, ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की उपकरणाचं पान उघडतं. नेटवर्कची मांडणी बिघडली तर ती मूळ स्थितीत आणायची सोयही मानकानेच सक्तीची केली आहे. नवख्या विद्यार्थ्याला दुपारभरात पहिला आकडा मिळतो, तो यामुळेच.

व्याकरण एक, अर्थ अनेक

पहिली तक्रार स्कपीबद्दल. त्याने वाक्यरचना एक केली. वाक्याचा परिणाम मात्र प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच शोधावा लागतो.

'मेझर' ही आज्ञा घ्या. ट्युटोरियलमध्ये सगळ्यात आधी हीच शिकवतात, कारण एका ओळीत व्होल्टेज मिळतं. पण ती नुसतं वाचत नाही. आधी उपकरणाला ठरावीक मांडणीत नेते आणि मग वाचते. समजा, गोंगाट कमी करायला तुम्ही इंटिग्रेशन काळ विजेच्या 10 आवर्तनांइतका ठेवलात. आपल्याकडे 50 हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं, दहा झाली की 200. त्यानंतर 'मेझर' पाठवलीत, तर तुम्ही ठेवलेला काळ पुसला जाऊ शकतो. आकडा तरीही येतोच. म्हणून आधी 'कॉन्फिगर', मग स्वतःचे बदल, आणि शेवटी 'रीड', असा क्रम ठेवायचा.

दुसरं, चुकीची आज्ञा गेली तरी तुमची स्क्रिप्ट थांबेलच असं नाही. उपकरण ती चूक आपल्या त्रुटींच्या रांगेत ठेवतं (अनोळखी आज्ञेसाठी उणे 113) आणि जुन्याच मांडणीवर काम चालू ठेवतं. तुम्ही रांग विचारलीच नाहीत, तर ते आपणहून सांगायला येत नाही.

वेळ कुणाची?

माझी मोठी तक्रार वेळेबद्दल आहे. फाइलमध्ये आकड्यापुढे जी वेळ लिहिली जाते, ती साध्या स्क्रिप्टमध्ये संगणकाची असते: उत्तर पोहोचलं ती वेळ. मापन झालं ती वेळ वेगळी.

याने काय बिघडतं? एक हिशेब करून बघू. नमुना मिनिटाला 10 केल्व्हिन दराने तापवताय. तुमची स्क्रिप्ट आधी रोध वाचते आणि अर्ध्या सेकंदाने तापमान. अर्ध्या सेकंदात तापमान सुमारे 0.083 केल्व्हिन पुढे गेलेलं असतं. म्हणजे तापवताना प्रत्येक बिंदू खऱ्यापेक्षा तेवढा वर नोंदवला जातो आणि थंड करताना तेवढाच खाली. दोन वक्रांमध्ये जवळजवळ 0.17 केल्व्हिनची फट दिसते. हिस्टेरेसिस! फर्स्ट-ऑर्डर संक्रमणाची खूण! प्रत्यक्षात ती तुमच्या फॉर-लूपमधल्या दोन ओळींच्या क्रमाची खूण आहे. उलट क्रम लावलात, आधी तापमान आणि मग रोध, तर खरी फट तेवढीच अरुंद होते. दोन्ही वेळा आलेख स्वच्छच दिसतो.

जुन्या जीपीआयबीवर एकाच संदेशाने अनेक उपकरणांना एकदम ट्रिगर देता यायचा. व्हीएक्सआय-11 वर प्रत्येक उपकरणाशी वेगळा संवाद, म्हणून ट्रिगरही एकेकाला. एलएक्सआयच्या कर्त्यांना हे ठाऊक होतं. सुरुवातीच्या आवृत्तीत त्यांनी तीन वर्ग केले: क वर्गात नेटवर्क आणि वेबपान, ब वर्गात आयट्रिपलई-1588 प्रमाणे घड्याळं जुळवण्याची सोय, अ वर्गात वर ट्रिगरची स्वतंत्र बस. बाजारात मुख्यतः क वर्गच चालला. पुढे वर्ग गेले आणि वेळेची सोय ऐच्छिक यादीत राहिली. मापनाच्या मानकात वेबपान सक्तीचं आणि वेळ ऐच्छिक, हा क्रम मला उलटा वाटतो. स्वस्त उपकरणांना सोबत घ्यायचं होतं हे मान्य. पण याची किंमत विद्यार्थी मोजतो, आणि बहुधा प्रबंध लिहायच्या वेळी.

दार उघडंच

तिसरी गोष्ट थोडक्यात. व्हीएक्सआय-11 मध्ये किंवा साध्या सॉकेटवर पासवर्ड नसतो. त्याच नेटवर्कवरचा कुणीही तुमच्या उपकरणाला 'रिसेट' पाठवू शकतो. मुद्दाम नव्हे, चुकीचा पत्ता टाकूनही. हायस्लिपच्या दुसऱ्या आवृत्तीत एन्क्रिप्शन आणि ओळख तपासणी आली, पण लॅबमधली जुनी उपकरणं त्याआधीची. काही ऑसिलोस्कोपच्या आत तर विंडोज एक्सपी आहे, ज्याला मायक्रोसॉफ्टने 2014 मध्येच रामराम केला. अशी उपकरणं संस्थेच्या मुख्य नेटवर्कवर नकोत. संगणकात दुसरं नेटवर्क कार्ड आणि एक छोटा स्विच घेऊन त्यांचं वेगळं नेटवर्क करा. खर्च किरकोळ आहे.

मग करायचं काय?

जीपीआयबीकडे परत जा, असं मी म्हणत नाही. लॅनच वापरा, फक्त मानकाने सोडलेली जागा स्वतः भरा:

1. प्रत्येक डेटा-फाइलच्या डोक्यावर उपकरणाची ओळख, फर्मवेअर आणि मांडणी लिहा. मांडणी उपकरणाला परत विचारून घ्या. आपण काय पाठवलं होतं ते लिहून भागत नाही.
2. मांडणी झाल्यावर आणि मापन संपल्यावर त्रुटींची रांग रिकामी होईपर्यंत विचारा. काही निघालं तर फाइलमध्ये नोंदवा.
3. तापमान रोधाच्या आधी आणि नंतर, दोन्हीदा वाचा आणि सरासरी घ्या.
4. तोच प्रयोग दोन वेगवेगळ्या दरांनी करा. दर निम्मा केल्यावर फटही निम्मी झाली, तर संशय आधी मापनावर घ्या. स्क्रिप्टचा क्रम किंवा नमुना आणि सेन्सर यांच्यातलं तापमानाचं अंतर, दोन्ही असंच वागतात.

प्रबंधांत आणि पेपरांत 'डेटा संगणकाद्वारे नोंदवला' एवढं एकच वाक्य वाचायची आपल्याला सवय झाली आहे. पुढच्या वेळी असं वाक्य दिसलं की विचारा: कुठल्या क्रमाने, कुठल्या मांडणीत, कुणाच्या घड्याळाने? आणि कुणा सीनियरची स्क्रिप्ट वारशात मिळाली, तर ती चालवण्याआधी हेच तीन प्रश्न तिलाही विचारा.