पुस्तकाची सरकारी व्याख्या

परीक्षणास ग्रंथ घ्यावा, त्याचा कर्ता, विषय, भाषा व छपाई यांविषयीं चार शब्द लिहावे, असा मासिकांचा शिरस्ता आहे. प्रस्तुत लेखांत आम्हीं ग्रंथ न घेतां एकच वाक्य परीक्षणास घेतलें आहे. तें कोणा साहित्यिकाचें नाहीं. केंद्र सरकारच्या अर्थखात्यानें २६ जुलै २०१८ रोजीं काढलेल्या एका अधिसूचनेंतील तें स्पष्टीकरण आहे. परंतु त्यांत पुस्तकाची व्याख्या केली आहे, आणि ती व्याख्या रोख रुपयांत वसूल होते. पुस्तक कशास म्हणावें याविषयीं आमच्या टीकाकारांचीं मतें कशींहि असोत, त्यांपायीं वाचकाच्या खिशांतून आजवर एक पैसाहि गेलेला नाहीं. तेव्हां साहित्याच्या मासिकानें या वाक्याची दखल घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

वाक्याचा आशय असा : ‘ई-पुस्तक’ म्हणजे छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ति, जी इंटरनेटवरून पुरविली जाते आणि संगणकावर किंवा हातांत धरतां येणाऱ्या यंत्रावर वाचतां येते. वाक्य सुबोध आहे आणि सरकारी गद्याच्या मानानें आटोपशीरहि आहे. दोष आहे तो ‘छापील’ या एका विशेषणांत.

तो कसा, हें कळण्यास थोडी पूर्वपीठिका पाहिजे. १ जुलै २०१७ पासून देशांत वस्तु व सेवा कर सुरू झाला. छापील पुस्तक ही वस्तु, आणि तिच्यावर कर नाहीं. परंतु तेंच पुस्तक, तींच अक्षरें, तींच विरामचिन्हें कागद सोडून तारेवरून वाचकाकडे गेलीं, कीं कायद्याच्या लेखीं ती वस्तु उरत नाहीं. ती ‘सेवा’ होते, आणि या सेवेवर शेंकडा १८ कर पडला. एका वर्षानें, जुलै २०१८ मध्यें, वस्तु व सेवा कर परिषदेनें ई-पुस्तकांवरील दर शेंकडा ५ वर आणला. निर्णय स्वागतार्ह होता. मात्र तो अंमलांत आणतांना वरील स्पष्टीकरण जोडलें गेलें, आणि त्यानें सवलतीचें दार अर्धें लोटून घेतलें. जें पुस्तक कागदावर छापलें गेलें आहे त्याच्याच इलेक्ट्रॉनिक आवृत्तीस ५ टक्के. जें कधीं छापलेंच नाहीं तें १८ टक्क्यांवर जसेंच्या तसें. म्हणजे शंभर रुपये मूळ किमतीची एकच कादंबरी कागदावर शंभरास, छापून मग पडद्यावर आणली तर एकशेंपांचास, आणि सरळ पडद्यावरच आणली तर एकशेंअठरास पडावयाची. सप्टेंबर २०२५ मध्यें कराच्या टप्प्यांची मोठी फेरमांडणी झाली. या वाक्याला कोणी हात लावला नाहीं.

आतां पुस्तक सरळ पडद्यावर कोण आणतो, याचा विचार करावा. ज्याच्या मागें प्रकाशक उभा आहे आणि ज्याच्या हजार प्रती हां हां म्हणतां खपतात, त्याचें पुस्तक आधीं छापलेंच जातें. पहिल्या संग्रहास प्रकाशक न मिळालेली कवयित्री, अहिराणी शब्दांचा कोश जमविणारा शिक्षक, आपल्या तालुक्याचा इतिहास लिहून बसलेला निवृत्त गृहस्थ, अशांच्या पुस्तकांची ही गोष्ट आहे. कागद, बांधणी व गोदाम यांसाठीं लागणारें भांडवल त्यांच्यापाशीं नसतें, आणि कर्ज काढून छापलेल्या पांचशें प्रती खाटेखालीं ठेवण्याची त्यांची तयारीहि नसते. इलेक्ट्रॉनिक पुस्तकाचें मोल आमच्यासारख्या विकसनशील देशांत मुख्यतः यांच्यासाठीं आहे. ज्याच्या हातीं सर्वांत कमी भांडवल, त्याच्याच पुस्तकावर सर्वांत जड कर, अशी या विशेषणाची करणी आहे.

लहान लेखकास नोंदणीची माफी आहे, हें आम्ही जाणतों. वर्षाला वीस लाखांच्या आंत सेवा पुरविणाऱ्यानें आपल्याच संकेतस्थळावरून पुस्तक विकलें तर त्याला कर लावावा लागत नाहीं. पण वाचक लेखकाच्या दारीं येत नाहीं. तो मोठ्या ई-दुकानांत जातो, आणि तें दुकान स्वतःच्या नांवें विक्री करतें तेथें किमतींत कर आलाच.

शिवाय व्याख्येंत किती प्रती छापाव्या हें सांगितलेलें नाहीं. एखाद्या चतुर लेखकानें पांच प्रती छापून कपाटांत ठेवल्या, तर त्याच्या ई-पुस्तकास छापील वडील भाऊ मिळाला आणि वाचकाचे तेरा टक्के वाचले. मागणी येईल तशी एकेक प्रत छापून देण्याची सोय आतां शहरोशहरीं झाली आहे. तेव्हां हा विनोद प्रत्यक्षांत उतरण्यास फारशी अडचण नाहीं. सरकारला त्या पांच प्रतींचें काय करावयाचें आहे, हें मात्र आम्हांस उमगलेलें नाहीं.

अंधांच्या वाचनाचा प्रश्न याहून गंभीर आहे. ब्रेल लिपींतील छापील पुस्तक करमुक्त आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु आज पुष्कळ अंध वाचक बोटांऐवजीं कानांनीं वाचतात. यंत्र मजकूर वाचून दाखवितें, आणि त्यासाठीं पुस्तक इलेक्ट्रॉनिक स्वरूपांतच लागतें. अंधांना ग्रंथ सुलभ व्हावे म्हणून झालेल्या माराकेश कराराला जगांत सर्वांत आधीं, २०१४ सालीं, मान्यता देणारा देश भारत होता. त्याच देशांत अंधाच्या बोटांना माफी आणि कानांना कर असा प्रकार चालला आहे.

छपाई म्हणजेच पुस्तक, ही कल्पना आली कोठून? १८६७ च्या छापखान्यांच्या व पुस्तकनोंदणीच्या कायद्यानें पुस्तकाची व्याख्या छपाईशीं बांधली. त्या वेळच्या परक्या सरकारला छापखान्यावर नजर ठेवावयाची होती, त्यामुळें तें समजण्यासारखें आहे. स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती देण्याचा १९५४ चा कायदा झाला, त्यानेंहि तोच वारसा चालविला. १८६७ च्या कायद्याची जागा नव्या कायद्यानें १ मार्च २०२४ पासून घेतली आणि त्यांतून पुस्तकें वगळलींहि गेलीं; पण ती कल्पना कराच्या अधिसूचनेंत अजून जिवंत आहे. मराठी वाचकास तर ती विशेष खटकावी. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें तिची प्रत शुद्ध केली, आणि बाळशास्त्री जांभेकरांनीं ती शिळाछापावर काढली ती १८४५ सालीं. मधलीं साडेपांचशें वर्षें तिला छापील मूळ नव्हतें. महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत जपून ठेवले, त्यांनाहि नव्हतें. आमच्या वाङ्मयाचा मोठा भाग या व्याख्येपुढें उभा केला, तर तो अठरा टक्क्यांच्या रांगेंत जाईल.

या वाक्याची झळ पुस्तकविक्रेत्यासहि लागते, आणि ती कराच्या रकमेहून मोठी आहे. समजा, तालुक्याच्या गांवीं फक्त छापील पुस्तकें विकणारा एक दुकानदार आहे व त्याची वर्षाची विक्री एकवीस लाखांची आहे. सगळा माल करमुक्त, म्हणून त्याला नोंदणी नको. आतां बाहेरगांवच्या गिऱ्हाइकांसाठीं त्यानें साठ रुपयांचें एक ई-पुस्तक विकावयास ठेवलें. तें विकलें जातांच तो करपात्र सेवा पुरविणारा झाला. उलाढालीची मर्यादा मोजतांना करमुक्त विक्रीहि हिशेबांत धरतात. महाराष्ट्रांत केवळ वस्तु विकणाऱ्यास असलेली चाळीस लाखांची सवलत त्याला लागू नाहीं, कारण ई-पुस्तक सेवा आहे. आणि सेवेची वीस लाखांची मर्यादा त्यानें छापील पुस्तकांवरच ओलांडली आहे. सबब साठ रुपयांवरील तीन रुपये कर भरण्यासाठीं त्याला नोंदणी करावी लागते आणि मग वर्षभर विवरणपत्रें भरीत राहावें लागतें. शहाणा दुकानदार काय करील? तो ई-पुस्तक ठेवणारच नाहीं. असा अडसर कोणत्याहि आंकडेवारींत दिसत नाहीं, कारण जें विकावयास ठेवलेंच नाहीं त्याची नोंद कोठें होणार?

सर्वच नियमांना आम्ही अडसर म्हणत नाहीं. वाचकाच्या कार्डावरून वर्गणी आपोआप कापून घेण्यावर रिझर्व्ह बँकेनें १ ऑक्टोबर २०२१ पासून जीं बंधनें घातलीं, त्यांनीं पुष्कळांच्या वर्गण्या प्रथम खंडित झाल्या. पण ग्राहकाच्या संमतीवांचून त्याच्या खात्यास हात लावूं नये हें तत्त्व रास्त होतें, आणि जून २०२२ मध्यें मर्यादा पांच हजारांवरून पंधरा हजारांवर नेऊन त्रासहि कमी करण्यांत आला. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआयनें तर दहा रुपयांचें पुस्तकहि विकणें शक्य केलें. पैसे घेण्याची वाट इतकी सुकर करून दिल्यावर विकण्याचा माल तेवढा संशयित ठरवावा, हें विसंगत आहे.

कोणी म्हणेल, ई-पुस्तकांचा व्यापार मोठ्या परदेशी कंपन्यांच्या हातीं आहे, त्यांना सवलत कां द्यावी? आक्षेप पोकळ नाहीं. परंतु अशा कंपन्यांसाठीं सरकारनें वेगळी आकारणी केली होतीच. परदेशी ई-व्यापारावर १ एप्रिल २०२० पासून दोन टक्के आकार बसविला गेला. अमेरिकेच्या व्यापार-प्रतिनिधींच्या कचेरीनें जानेवारी २०२१ मध्यें त्यावर भेदभावाचा ठपका ठेवला. १ ऑगस्ट २०२४ पासून तो आकार रद्द झाला, आणि जाहिरातींवरील सहा टक्क्यांचा आकारहि १ एप्रिल २०२५ पासून गेला. ज्यांच्या वतीनें बोलावयास वॉशिंग्टन होतें त्यांचें ओझें उतरलें. अहिराणी कोशाच्या वतीनें बोलणारी वकिलात कोठेंच नाहीं. बरें, पुस्तकावरील कर अखेर वाचकच देतो. कंपनीचें त्यांत कांहीं जात नाहीं.

वस्तु कीं सेवा, या घोळांत युरोपहि सांपडला होता. फ्रान्सनें ई-पुस्तकांवर साडेपांच टक्के व लक्झेंबर्गनें तीन टक्के कर ठेवला, तेव्हां युरोपीय न्यायालयानें ५ मार्च २०१५ रोजीं तो बेकायदा ठरविला. कारण ई-पुस्तक ही सेवा. पण २०१८ च्या अखेरीस तेथील निर्देशच बदलून राज्यांना सवलतीची मुभा देण्यांत आली. ब्रिटननें १ मे २०२० पासून ई-पुस्तकांवर छापील पुस्तकांप्रमाणेंच शून्य दर ठेवला. यांतलें आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटतें तें फ्रान्सच्या २०११ च्या ई-पुस्तकविषयक कायद्यांतील शब्दयोजन. तेथें ई-पुस्तकाला दोन वाटांनीं प्रवेश आहे : एक तर तें छापून प्रसिद्ध झालेलें असावें, किंवा आशय व रचना पाहतां छापतां येण्याजोगें असावें. दुसऱ्या वाटेनें मूळ ग्रंथकार आंत येतो, आणि खेळ व निव्वळ जाहिराती बाहेर राहतात. पुस्तकाची कसोटी छापखान्याच्या बिलावरून निघून मजकुराकडे येते.

आमच्या अधिसूचनेंत ‘छापील’ या शब्दापुढें ‘किंवा छापतां येण्याजोग्या’ एवढा पाठभेद स्वीकारला, तर वर सांगितलेल्या अडचणींपैकीं बहुतेक दूर होतील. दुकानदाराच्या नोंदणीचा प्रश्न तेवढा उरेल, आणि तो ई-पुस्तकालाहि शून्य दर लावल्यावांचून सुटणार नाहीं. दर ठरविणाऱ्या परिषदेंत केंद्राबरोबर राज्यांचे मंत्री बसतात, आणि महाराष्ट्रालाहि तेथें आसन आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हां राज्यांत सत्कार व भाषणें झालीं. महाराष्ट्राच्या अर्थमंत्र्यांनीं हा विषय परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घालण्यास त्या भाषणांहून अधिक वेळ लागूं नये, आणि प्रस्तावाचा मसुदा हवा असल्यास तो वर तीन शब्दांत दिलाच आहे.