भावे प्रयोगातील कॅमेरा

दूरचित्रवाणीच्या वृत्तस्टुडिओत यंत्रचालित कॅमेरे आले, त्याला आता तीन तपे उलटून गेली. अमेरिकेतील एनबीसी या संस्थेने न्यूयॉर्कमध्ये ते १९८८ साली बसविले. असे असूनही या कॅमेऱ्यांविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा त्यांच्या फजितीविषयी असते. मार्च २०१३ मध्ये बीबीसीची वृत्तवाहिनी लंडनच्या न्यू ब्रॉडकास्टिंग हाऊस या वास्तूत गेली. तेथील रुळांवरून सरकणारे कॅमेरे अधूनमधून भलतीकडेच जाऊन थांबत, निवेदक एका बाजूस आणि चौकट दुसऱ्या बाजूस असा देखावा दिसे, आणि वृत्तपत्रे तो चवीने छापीत. हसू येणे साहजिक होते. परंतु हशा म्हणजे समीक्षा नव्हे. चुकलेल्या शॉटवरून या तंत्राचे मूल्यमापन करणे हे मुद्रणदोषांवरून कादंबरीची परीक्षा करण्यासारखेच आहे. विचार व्हावयास हवा तो न चुकलेल्या शॉटचा.

या कॅमेऱ्याचे काम कसे चालते, ते थोडक्यात पाहिले पाहिजे. कॅमेऱ्याचे डावीउजवीकडे वळणे, वरखाली झुकणे, झूम, फोकस आणि त्याच्या स्तंभाची जागा ही सारी अंकरूपाने यंत्राच्या स्मृतीत साठविली जातात. नियंत्रणकक्षातील एकच माणूस पडद्यावरील चिन्हाला स्पर्श करतो आणि कॅमेरा त्या नोंदलेल्या जागी जाऊन उभा राहतो. अशा रीतीने एका माणसाकडे तीनचार कॅमेरे सोपविता येतात. पुष्कळ ठिकाणी तर वार्तापत्राच्या संहितेतच शॉटची आज्ञा गुंफलेली असते. म्हणजे बातमी वाचली जाण्यापूर्वीच ती कशी पाहिली जावी, हे ठरून गेलेले असते.

येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. कॅमेऱ्यामागे माणूस उभा असतो तेव्हा तो केवळ दाखवीत नसतो, तो ऐकतही असतो. बोलणारा किंचित पुढे झुकला की त्याचा हात अर्धा इंच सरकतो. बोलणारा अडखळला की तो क्षणभर थांबतो. आजी गोष्ट सांगू लागली की नातवंडे हुंकार देतात, त्या हुंकारात अर्थ नसतो, पण त्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही. चौकटीतील ही बारीक हालचाल म्हणजे कॅमेऱ्याचा हुंकार होय. नोंदलेल्या जागी स्थिर उभा राहिलेला कॅमेरा अचूक असतो, पण तो हुंकार देत नाही. चेहरा ओळखून त्याच्यामागे जाणारी नवी साधने ही उणीव भरून काढतात, असे सांगितले जाते. वस्तुतः त्यांचे कार्य याच्या नेमके उलट आहे. चेहरा चौकटीत ठरलेल्या ठिकाणी राहावा, हेच त्यांचे उद्दिष्ट असल्यामुळे बोलणाऱ्याचे झुकणे ती पुसून टाकतात. झुकण्याला प्रतिसाद देणे निराळे आणि झुकणे नाहीसे करणे निराळे.

मराठी व्याकरणाच्या परिभाषेत हा भेद नेमकेपणाने मांडता येतो. 'रामाने रावणास मारिले' या वाक्यात कर्ता आहे, कर्मही आहे. परंतु क्रियापद दोहोंपैकी कोणालाच अनुसरत नाही. यंत्रचालित शॉटची रचना अशीच भावे प्रयोगाची असते. नियंत्रणकक्षात कर्ता बसलेला असतो, पण तृतीयेत. समोर निवेदक असतो, पण द्वितीयेत. आणि कॅमेऱ्याची क्रिया दोघांशीही जुळवून घेत नाही. ही उपमा फार ताणू नये, कारण भावे प्रयोगात कर्त्याचे नाव निदान उच्चारले तरी जाते. चुकीच्या प्रसंगी लोक म्हणतात ते 'कॅमेरा भरकटला' असे. तो कोणी भरकटू दिला, हे त्या अकर्मक क्रियापदात मावत नाही. कर्ता लोपला की जबाबदारीही लोपते, आणि तिच्याबरोबर एका कसबी माणसाचे काम. रोबॉट हा शब्द कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकातून आला. चेक भाषेत त्याच्या मुळाशी असलेला 'रोबोता' म्हणजे वेठ. 'यंत्रमानव' या आपल्या शब्दाने तो अर्थ गमावला आणि जेथे मानवाकृतीचा मागमूसही नाही तेथे मानव आणून बसविला!

याला एक महत्त्वाचा प्रतिवाद संभवतो. हुंकार नको असेल तर? ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये २१ नोव्हेंबर १९८९ रोजी दूरचित्रवाणी आली, ती दूरनियंत्रित कॅमेऱ्यांसह आणि लेखी नियमांसह. बोलणाऱ्याचे डोके व खांदे दाखवावेत. सभागृहात गोंधळ झाल्यास कॅमेरा सभापतींकडे न्यावा. ऐकणाऱ्यांच्या मुद्रा टिपण्यावर कडक मर्यादा. लिखित व्याकरण असलेली ही चित्रभाषाच म्हणावयाची. निःपक्षपाती नोंद हाच हेतू असल्याने न ऐकणारा कॅमेरा येथे गुण ठरतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि, गोंधळ म्हणजे काय आणि तो केव्हा सुरू झाला, हे ठरविणारा निर्णय मानवीच राहतो. नियम तो नाहीसा करीत नाही, केवळ दृष्टीआड करतो. शिवाय हे नियम पुढे लवकरच काही अंशी सैल करावे लागले, कारण श्रोत्यांवाचून वक्त्याचे भाषण प्रेक्षकांना अपुरे वाटू लागले. वाद हा दोघांमधला व्यवहार असतो. त्यातील एकालाच दाखविणे ही तटस्थता नसून एक प्रकारची संपादकीय निवड आहे.

मग दोष यंत्राचा म्हणावा काय? मैदानावर तारांवरून फिरणारा कॅमेरा पाहिला म्हणजे तसे म्हणवत नाही. स्टेडिकॅमचा जनक गॅरेट ब्राऊन यानेच १९८०च्या दशकात स्कायकॅम घडविला. असा कॅमेरा सामान्यतः दोन माणसे चालवितात: एक त्याला आकाशात नेतो, दुसरा चौकट धरतो. तोही यंत्रावर टांगलेला आणि दुरूनच हाताळला जाणारा. पण गोलंदाज धाव घेता घेता मध्येच थांबला, तर चौकट धरणारा दुसऱ्याच क्षणी थांबतो. कोठे थांबावयाचे, याची नोंद त्याच्यापाशी आधीपासून नसते.