उत्तर टाळणारा प्रचार

‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का’ अशी सुरुवात करून चिन्हाच्या नावापुढे ‘मारा शिक्का’ जोडणारी घोषणा महाराष्ट्रातल्या बहुतेक गल्ल्यांनी ऐकली आहे. पक्ष बदलायचा, चिन्ह बदलायचं, चाल तीच राहायची. रिक्षावर बांधलेल्या कर्ण्यातून ती विरोधी उमेदवाराच्या दारातही तेवढ्याच मोठ्यानं ऐकू जायची आणि थोड्या वेळात त्याचीही रिक्षा त्याच गल्लीत येऊन आपलं चिन्ह सांगून जायची. प्रचार चारचौघांत करायचा आणि समोरचाही त्याला चारचौघांतच उत्तर देणार, हे त्यात गृहीत होतं. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडच्या प्रचाराचं तंत्र कमालीचं सुधारलं, पण हे गृहीतक मोडलं. या कलेचं खरं नुकसान मला तिथेच दिसतं.

जुना प्रचार सोज्वळ होता असं मुळीच नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांनी आपल्या ‘मराठा’ दैनिकातून मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांच्यावर जी भाषा वापरली, ती आजही अंगावर येते. नावं ठेवणं, टोपणनावं चिकटवणं, प्रतिपक्षाला राक्षस ठरवणं हे सगळं तेव्हा होतं. पण लिहिणाऱ्याचं नाव वर छापलेलं असे आणि संध्याकाळी तोच माणूस मैदानात उभा राहून बोलत असे. त्याच लढ्यात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी शाहिरीला राजकारणाच्या कामाला लावलं. ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाचा विरह आणि मुंबईसह महाराष्ट्राची मागणी अशी एकजीव झाली आहे की दोन्ही वेगळं काढता येत नाही. बायकोला गावी ठेवून गिरणीत राबणाऱ्या श्रोत्याला तुटलेल्या प्रांताचं दुःख समजावून सांगावं लागत नव्हतं, ते त्याच्या घरातच होतं. मन वळवण्याच्या कलेचा मराठीतला याहून उंच नमुना मला माहीत नाही.

१९६७मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांना पाडलं तेव्हा प्रचाराचा भर एका साध्या गोष्टीवर होता: या माणसाला तुम्ही हरवू शकता. मुंबईवर हुकमत गाजवणारा नेता अजिंक्य आहे ही समजूत एकदा ढिली झाली की मत वळतं, हे त्या मोहिमेनं अचूक ओळखलं.

त्याच दशकात बाळासाहेब ठाकरे यांच्या ‘मार्मिक’नं मात्र वेगळी वाट दाखवली. ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली मुंबईतल्या कंपन्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत. त्यात युक्तिवाद नव्हता, नुसती नावं होती. नावं खरी असली तरी कोणती छापायची आणि कोणती गाळायची ही निवड पक्षपाती होती. निष्कर्ष वाचकानं स्वतः काढायचा होता, त्यामुळे तो आपलाच आहे असं त्याला वाटे. निवडक खऱ्या गोष्टींतून खोटं चित्र उभं करण्याचं हे तंत्र आज प्रत्येक पक्षाच्या मोबाइल प्रचाराचा कणा आहे. ठाकरे यांनी पुढे केलेल्या धर्माच्या आवाहनाचं न्यायालयात काय झालं ते सर्वश्रुत आहे. विलेपार्ल्याच्या १९८७च्या पोटनिवडणुकीतली भाषणं भ्रष्ट आचरण ठरली, सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. भाषण जाहीर होतं, वक्ता ठाऊक होता, म्हणूनच ते होऊ शकलं.

जाहिरात कंपन्यांच्या काळातली मराठी घोषणा निवडायची झाली तर मी २०१४च्या विधानसभेतली भाजपची ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ ही निवडेन. तिच्यात पक्षाचं नाव नाही, आश्वासन नाही, आकडा नाही. घरातला थकलेला माणूस तक्रार करतो तसा प्रश्न आहे आणि ‘माझा’ या शब्दानं तो ऐकणाऱ्याचा होऊन जातो. पुढे विरोधकांनी तोच प्रश्न भाजपला वारंवार विचारला. ज्या घोषणेनं उलट प्रश्न करण्याची सोय ठेवली आहे तिला मी चांगली घोषणा म्हणतो.

२०१९च्या लोकसभेत राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’चा प्रयोग केला. त्यांच्या मनसेनं एकही उमेदवार उभा केलेला नव्हता. सभेत आधी सरकारी दावा पडद्यावर यायचा आणि त्यामागोमाग त्याला छेद देणारं चित्रण. मेळघाटातल्या हरिसालचा प्रसंग तर आजही लोकांच्या लक्षात आहे. ‘डिजिटल गाव’ म्हणून झालेली जाहिरात, मग गावातली प्रत्यक्ष स्थिती आणि शेवटी त्या जाहिरातीतला तरुणच व्यासपीठावर. भाजपनंही मुंबईत पडदा लावून त्याच पद्धतीनं मुद्द्याला मुद्दा असं उत्तर दिलं. निकालात भाजप-शिवसेना युतीनं ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या आणि गर्दी म्हणजे मत नव्हे हे पुन्हा दिसलं. तरीही पुरावा समोर ठेवून उत्तर मागणारी अलीकडच्या काळातली हीच एक मोठी मोहीम, असं मी मानतो. तिच्या अपयशातून पक्षांनी घेतलेला धडा मला चुकीचा वाटतो. वाद घालण्यात मतं नाहीत, असं ते धरून चालले.

२०२४मध्ये त्याचं फळ दिसलं. लोकसभेला कर्नाटकातल्या एका भाजप खासदारानं राज्यघटना बदलण्यासाठी चारशे जागा हव्यात असं बोलून दाखवलं होतं. भाजपच्या ‘चारशे पार’च्या घोषणेला ते वाक्य जोडून विरोधी आघाडीनं ‘संविधान जाणार’ ही भीती वस्तीवस्तीत नेली. एका खासदाराच्या बोलण्यातून सरकारचा निर्णय झाल्यासारखं चित्र रंगवलं गेलं, हे मान्य केलं पाहिजे. पण भाजपनं त्याला ‘फेक नॅरेटिव्ह’ असं नाव देऊन विषय संपवला, आणि एकदा शिक्का मारला की खुलासा करायची गरजच उरत नाही. धुळ्याच्या निकालाला तर ‘व्होट जिहाद’ हा शब्द लावला गेला. मालेगाव मध्य विधानसभा क्षेत्रातल्या मताधिक्यामुळे काँग्रेसची उमेदवार ३,८३१ मतांनी निवडून आली, म्हणून नागरिकांच्या मतदानालाच गुन्ह्याचं नाव मिळालं. प्रतिस्पर्ध्यावर चिखल उडवणं वेगळं आणि मतदाराला आरोपी करणं वेगळं. ही हद्द अत्र्यांनीही ओलांडलेली नव्हती.

विधानसभेला प्रचाराचा सर्वांत प्रभावी मजकूर कोणत्याही नेत्यानं उच्चारला नाही. तो बँकेकडून आलेला एसएमएस होता. राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेच्या पहिल्या दोन हप्त्यांचे ३,००० रुपये रक्षाबंधनाच्या तोंडावर खात्यात जमा व्हायला लागले आणि दोन कोटींहून जास्त बायकांना तो निरोप आपापल्या फोनवर, आपल्या नावानं आला. जोडीला अजित पवारांचं गुलाबी जॅकेट आलं, भावाचं नातं आलं, सत्ताधारी महायुतीच्या तिन्ही पक्षांत श्रेयाची ओढाताण आली. आघाडीनं ३,००० रुपये महिना देऊ म्हटलं, महायुतीनं २,१००. स्वतःच्या नावावर पैसे आलेल्या बाईच्या आनंदाला कमी लेखण्याचा मला अधिकार नाही, तो आनंद खराच आहे. माझी तक्रार पक्षांशी आहे. पैसा कुठून येणार, कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावाचं काय, हे प्रश्न या दराच्या चढाओढीत दबले. एसएमएसशी वाद घालता येत नाही.

निवडणुकीच्या पत्रकावर तळाशी बारीक अक्षरात मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार तो बंधनकारक आहे. गावोगावच्या छापखानेवाल्यांना ती ओळ तोंडपाठ असते, कारण ती चुकली तर गुन्हा दाखल होतो. हजार पत्रकांसाठी हा दंडक आहे, पण लाखो फोनवर फिरणाऱ्या चित्रफितीखाली असं काहीच नसतं. दूरचित्रवाणीवरची आणि समाजमाध्यमांवरची पैसे देऊन केलेली जाहिरात आधी निवडणूक आयोगाच्या समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. ‘पुढे पाठवा’ म्हणून आलेल्या मजकुराला ती चाळणी नाही. पक्षांची पेरणी आता तिथेच होते. एका समाजाच्या गटात एक संदेश, दुसऱ्या समाजाच्या गटात नेमका उलटा, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. उमेदवारानं खुलासा करायचा तर कोणासमोर करायचा? छापखान्याला लागू असलेली ती ओळ पक्षांच्या पगारी समाजमाध्यम कक्षांनाही लागू झाली पाहिजे, आणि ते अवघड आहे हे कारण मला पटत नाही.

वेळ साधण्याचं तंत्र तर आणखी धारदार झालं आहे. त्याच कायद्याचं कलम १२६ मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार थांबवतं. १९ नोव्हेंबर २०२४ला, मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, बिटकॉइनच्या व्यवहारांविषयीच्या काही ध्वनिफिती भाजपनं पत्रकार परिषदेत ऐकवल्या. त्यातले आवाज विरोधी आघाडीच्या सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे असल्याचा दावा होता. सुळे यांनी तो आवाज आपला नसल्याचं सांगून निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. आवाज खरा की यंत्रानं घडवलेला याची छाननी व्हायला दिवस लागतात. सकाळी सात वाजता मतदान सुरू झालं.