फ्रेडरिक्सबोर्ग येथील लाकडी ऑर्गन : एक परीक्षण

डेन्मार्कांतील हिलेरॉड गांवीं फ्रेडरिक्सबोर्ग राजवाड्याच्या लुथरपंथी प्रार्थनामंदिरांत एसायस कोम्पेनियस या कारागिरानें १६१० मध्यें पुरें केलेलें एक ऑर्गनवाद्य आहे. ऑर्गन म्हणतांच महाराष्ट्रीय वाचकांस नाटकमंडळ्यांचें वाद्य आठवेल. त्यांत धातूच्या पट्ट्या वाजतात. येथें भात्याचा वारा नळ्यांतून जातो. नळ्या १००१, स्टॉप २७, आणि नळ्या सर्व लाकडाच्या. इतरत्र कथील व शिसें यांचेंच प्राधान्य असतें.

प्रार्थनामंदिरांत आहे म्हणून यास धर्मवाद्य समजणें युक्त नव्हे. जर्मनींतील ड्यूक हाइनरिख युलियस यानें तें आपल्या हेसन येथील वाड्यासाठीं, गृहांतील मनोरंजनार्थ, करविलें. त्याच्या पदरचा संगीतज्ञ मिखाएल प्रेटोरियस यानें १६१९ च्या ग्रंथांत त्याचे स्टॉप नोंदले आहेत. ड्यूक १६१३ मध्यें वारल्यावर वाद्य त्याचा मेहुणा, डेन्मार्कचा राजा चौथा क्रिश्चन, याजकडे गेलें. १६१७ मध्यें तें उभारून कोम्पेनियस त्याच वर्षीं निवर्तला. याच राजाच्या लोकांनीं १६२० मध्यें तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून तरंगंबाडी मिळविली, हें वाचकांस ठाऊक असेलच.

स्थानभ्रष्ट वस्तूंस शोभा नाहीं, हा आपल्या सुभाषितकारांचा कौल. हें वाद्य त्यास अपवाद होय. ध्वनिमुद्रणांवरून पाहतां याचा नाद मृदु व बांसरीसारखा आहे. कांहीं स्टॉप मात्र मुद्दाम सानुनासिक, विनोदी ठेवले आहेत. नृत्याच्या गतींत तें अतुल्य वाटतें. उणीव इतकीच कीं, खालच्या सप्तकांत कांहीं स्वर नाहींत. म्हणून बाखच्या मोठ्या रचना यावर बसत नाहींत. तसा आग्रह धरणाऱ्या वादकाचा तो दोष, वाद्याचा नव्हे.

परंतु आमच्या मतें खरें महत्त्व निराळेंच आहे. त्या काळचे पुष्कळ ऑर्गन पुढील पिढ्यांनीं वाढविले, बदलले. त्यांचा मूळ नाद आतां तर्कानेंच जाणावा लागतो. पोथींत मागाहून भर पडली म्हणजे मूळ पाठाचें असेंच होतें. येथें पाठ शुद्ध राहिला. १८५९ च्या आगींत राजवाड्याचा मोठा भाग जळाला, तरी वाद्य वांचलें. १८९५ मध्यें दुरुस्ती करणारा कारागीर पॅरिसच्या ज्या कारखान्यांतला, तो कारखाना प्रचंड नव्या ऑर्गनांसाठीं विख्यात होता. तथापि त्यानें आपली आवड यावर लादली नाहीं. आमच्याकडे देवळांचा जीर्णोद्धार करणारांनीं व जुन्या बखरी छापणारांनीं हा संयम अवश्य शिकावा. सुधारणेच्या हौसेनें गेलेला पुरावा पुन्हां मिळत नाहीं.