पाच डॉलर बाजूला ठेवून फुगाझी

फुगाझीबद्दल कुणी बोलू लागलं की पहिल्या दोन वाक्यांत पाच डॉलर येतातच. वॉशिंग्टन डी.सी.चा हा बँड तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचा, कुठल्याही वयाच्या माणसाला आत सोडायचा, टी-शर्ट विकायचा नाही, आणि गर्दीत दांडगाई करणाऱ्याला पाच डॉलर पाकिटात घालून परत द्यायचा आणि बाहेर काढायचा. सगळं खरं आहे. पण हे इतक्यांदा सांगितलं जातं की फुगाझी म्हणजे सचोटीने चालवलेली एखादी पतसंस्था वाटायला लागते. गाणी कुणी ऐकतंय का?

‘वेटिंग रूम’ घ्या. १९८८चं रेकॉर्डिंग. सुरुवात जो लॅलीच्या बेसने होते, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सगळा बँड चक्क थांबतो. काही सेकंद काहीच नाही. मग पुन्हा सगळे एकदम. इयन मकाय हा मायनर थ्रेटसारख्या वेगवान हार्डकोर बँडमधून आलेला, गी पिचोटो आणि ब्रेंडन कँटी राइट्स ऑफ स्प्रिंगमधून. या लोकांना वेग नवा नव्हता. नवं होतं ते थांबणं. ते रेगे आणि डबमधून आलं. बेस गाणं उचलणार, गिटार मधूनमधून बोलणार, आणि रिकामी जागा रिकामीच राहू देणार. पिचोटो सुरुवातीला फक्त गायचा. ‘रिपीटर’पासून (१९९०) त्याचीही गिटार आली, तरी दोघं एकमेकांच्या अंगावर वाजवत नाहीत. एक कापतो, दुसरा भरतो.

यांच्या मैफलीला गाण्यांची यादी नसायची. पुढचं गाणं कुठलं हे एकाने वाजवायला घेतल्यावर बाकीच्यांना कळायचं. म्हणजे चौघांनाही सतत कान टवकारून उभं राहावं लागायचं. माझ्या मते यांचं खरं तत्त्व इथे आहे, तिकिटाच्या किमतीत नाही. आणि ते ऐकू येतं.

स्टुडिओत मात्र हेच तत्त्व कधी कधी अंगाशी यायचं. रेकॉर्डिंग बहुतेक डॉन झिएंटारा यांच्या ‘इनर इअर’मध्ये. हा स्टुडिओ आधी आर्लिंग्टनमधल्या त्यांच्या घराच्या तळघरात होता. १९९१चा ‘स्टेडी डाएट ऑफ नथिंग’ बँडने स्वतःच प्रोड्यूस केला, आणि मला तो त्यांचा सगळ्यात कोरडा अल्बम वाटतो. कुणाचाच आवाज पुढे नाही, कुणाचाच मागे नाही. चार जणांनी एकमेकांना न दुखावता रिव्ह्यू केलेला कोड असाच दिसतो, हे रोजच्या अनुभवाने सांगते.

पुढच्या अल्बमसाठी ते शिकागोला स्टीव्ह अल्बिनीकडे गेले. थोडीच गाणी करायची होती, पण अख्खा अल्बम रेकॉर्ड झाला. घरी येऊन ऐकला, तर मनासारखा नव्हता. अल्बिनीचंही तेच मत पडलं. तेव्हा इनर इअरमध्ये टेड नाइसलीबरोबर सगळं नव्याने वाजवलं. ‘इन ऑन द किल टेकर’ (१९९३) तो हा. शिकागोच्या टेप आजही इंटरनेटवर फिरतात, आणि त्याच श्रेष्ठ म्हणणारे पुष्कळ आहेत. अल्बिनीचं नाव मोठं, शिवाय न छापलेल्या गोष्टीचं आकर्षण असतंच. मला पटत नाही. दुसऱ्या खेपेत ड्रम आणि गिटार यांच्यात जी ओढाताण आहे, ती टेपमध्ये नाही. आपल्याच लेबलवर, मकायच्या ‘डिसकॉर्ड’वर, असल्याने तारखेसाठी कुणी मागे लागणारं नव्हतं. स्वतंत्र असण्याचा उपयोग मला इथे दिसतो: झालेलं काम टाकून देण्याची मुभा.

शेवटचा ‘द आर्ग्युमेंट’ (२००१) चेलो, पियानो आणि दुसरा ड्रमर घेऊन आला. तो त्यांचा सर्वोत्तम अल्बम, असं मी बिनधास्त म्हणेन. २००३पासून मात्र बँड थांबलेला आहे. त्यांनी आठशेहून अधिक मैफली टेप करून ठेवल्या होत्या. २०११पासून त्या डिसकॉर्डच्या संकेतस्थळावर येऊ लागल्या. सुचवलेली किंमत, अर्थातच, पाच डॉलर; पण एकपासून शंभरपर्यंत काहीही देता येतं.

सुरुवात ‘रिपीटर’पासून करा. आणि हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर लॅलीचा बेस ऐकूच येत नाही.